नील अमंडसन आणि मिनेसोटाचा विभाग: नेमणुकांमधून बदललेलं केमिकल इंजिनीअरिंग

1949 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंग विभागाचे प्रमुख चार्ल्स मान यांचा दीर्घ कार्यकाळ संपला आणि विभागाची सूत्रं हंगामी म्हणून नील अमंडसन यांच्याकडे आली. वय 33. पीएचडी होती ती गणितातली. 1951 मध्ये नेमणूक कायम झाली आणि 1974 पर्यंत, म्हणजे हंगामी काळ धरून पंचवीस वर्षं, ते प्रमुखपदी राहिले. विद्यार्थी आणि सहकारी त्यांना 'चीफ' म्हणत.

त्यांनी पद सोडलं त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1995 मध्ये, नॅशनल रिसर्च कौन्सिलने अमेरिकेतल्या डॉक्टरेट देणाऱ्या विभागांचं मूल्यमापन केलं. केमिकल इंजिनीअरिंगमध्ये मिनेसोटा पहिलं आलं, एमआयटीच्याही पुढे. प्रमुख बदलला की विभागाची रया जाते, हा अनुभव कुठल्याही देशातल्या विद्यापीठात सर्रास येतो. इथे तसं झालं नाही. ते का, हा या प्रकरणाचा विषय.

अमंडसन यांच्याबद्दल लिहिताना 'केमिकल इंजिनीअरिंगमध्ये गणित आणणारा माणूस' एवढं म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. ते खरं आहे, पण गणित आणणारे त्या काळात आणखीही होते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला खरा अभ्यासण्याजोगा भाग नेमणुकांचा आहे: विभागात कोणाला घेतलं, आणि घेतल्यावर त्यांना कोणाच्या शेजारी बसवलं.

माणूस

जन्म 10 जानेवारी 1916, मिनेसोटातल्याच सेंट पॉल शहरात. 1937 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि लुइझियानातल्या बॅटन रूजला स्टँडर्ड ऑइलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी धरली. ही नोकरी फार काळ टिकली नाही, पण पुढे त्यांच्यावर 'कागदी इंजिनीअर' अशी टीका व्हायची तेव्हा ती लक्षात ठेवायला हवी. कारखाना म्हणजे काय हे त्यांनी आतून पाहिलं होतं. मग विद्यापीठात परत. 1941 मध्ये केमिकल इंजिनीअरिंगमध्येच मास्टर्स, आणि तिथून थेट उडी गणितात. 1945 मध्ये गणिताची डॉक्टरेट. मधल्या काळात ते गणित शिकवतही होते. 1947 मध्ये ते केमिकल इंजिनीअरिंग विभागात आले आणि दोनच वर्षांत प्रमुख झाले.

विषय तेव्हा कुठे उभा होता

केमिकल इंजिनीअरिंग हा त्या वेळी तसा तरुण विषय. 1887 मध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरला व्याख्यानं दिली, पुढच्याच वर्षी एमआयटीत या नावाचा अभ्यासक्रम निघाला. 1915 मध्ये आर्थर लिटल यांनी मांडलं की कारखाना कोणताही असो, साखरेचा, साबणाचा किंवा पेट्रोलचा, आत चालणाऱ्या भौतिक क्रिया त्याच त्या असतात: उकळणं, गाळणं, सुकवणं, दळणं, ऊर्ध्वपातन. या 'युनिट ऑपरेशन्स' शिकवल्या की इंजिनीअर तयार. 1923 मध्ये वॉकर, लुइस आणि मॅकॲडम्स यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि पुढची दोन-तीन दशकं वर्ग याच चौकटीवर चालले.

ही चौकट कामाची होती यात शंका नाही. 1925 ची मॅकेब-थील पद्धतच घ्या. अल्कोहोल आणि पाणी वेगळं करायचं आहे, ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात किती पट्ट्या (वाफ आणि द्रव जिथे एकमेकांना भेटतात ते आडवे थर) लागतील? आलेख कागदावर एक वक्ररेषा, दोन सरळ रेषा, आणि त्यांच्यामध्ये पेन्सिलीने पायऱ्या पाडत जायचं. पायऱ्या मोजल्या की उत्तर मिळालं. आजही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हेच करतो आणि त्याला ते कळतं.

अडचण पुढे यायची. कच्च्या तेलात दोन नाही, डझनावारी घटक असतात. तिथे कागदावरची पायरी चालत नाही. अंदाज धरायचा, पट्टीमागून पट्टी हिशेब करत जायचं, शेवटी ताळा जुळला नाही की अंदाज बदलून पुन्हा पहिल्या पट्टीपासून. आणि रिअ‍ॅक्टरची, म्हणजे ज्या भांड्यात अभिक्रिया घडवतात त्याची, गोष्ट तर त्याहून अवघड, कारण तिथे उष्णता, प्रवाह आणि अभिक्रियेचा वेग हे तिघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. 1947 मध्ये हॉगन आणि वॉटसन यांनी अभिक्रियांच्या वेगाचा विषय पाठ्यपुस्तकात आणला होता, पण रिअ‍ॅक्टर अचानक तापतो किंवा विझतो तो का, याचं उत्तर वर्गात मिळत नव्हतं.

पेच

नव्या विभागप्रमुखापुढे तेव्हा सरळ वाट होती. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत होतं, वर्ग भरलेले होते. उद्योगातून अनुभवी इंजिनीअर आणायचे, आपलेच हुशार पीएचडी ठेवून घ्यायचे आणि युनिट ऑपरेशन्सची प्रयोगशाळा चांगली चालवायची. कोणीही नाव ठेवलं नसतं. वाट बदलायची तर धोका उघड दिसत होता: गणिती आणि शुद्ध विज्ञानवाले आणले तर ते आपापल्या मूळ विषयात रमणार, विद्यार्थ्यांना पंप आणि हीट एक्स्चेंजर कोण शिकवणार, आणि उद्योग अशा पदवीधरांना विचारणार का?

अमंडसन यांनी या प्रश्नावर कुठला जाहीरनामा काढला नाही. त्यांनी माणसं घेतली.

कोणाला घेतलं

सगळ्यात गाजलेली नेमणूक रदरफर्ड ॲरिस यांची. अमंडसन 1954-55 मध्ये केंब्रिजला होते. इंग्लंडमध्येच ॲरिस हा विशीतला तरुण आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत काम करत होता. त्याच्याकडे लंडन विद्यापीठाची गणिताची पदवी होती, तीही बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली. डॉक्टरेट नव्हती. दोघांची भेट झाली, ॲरिसने नोकरीबद्दल विचारलं आणि 1955 मध्ये तो संशोधक म्हणून मिनेसोटात दाखल झाला. मध्ये काही काळ एडिंबराला गणित शिकवून 1958 मध्ये सहायक प्राध्यापक म्हणून परत आला. डॉक्टरेट मिळाली ती त्यानंतर, 1960 मध्ये. आजच्या निवड समितीसमोर हा अर्ज पहिल्या चाळणीतच गळाला असता. पुढे ॲरिस हे रासायनिक रिअ‍ॅक्टरच्या गणिती विश्लेषणातलं जगातलं एक मोठं नाव झालं, आणि त्याच विद्यापीठात त्यांनी जुन्या लॅटिन हस्तलिखितांच्या लिपीचाही अभ्यासक्रम शिकवला. (एका परिचयकोशाने चुकून नाव उलट करून त्यांना माहितीचा फॉर्म पाठवला, तर त्यांनी 'ॲरिस रदरफर्ड' नावाचा स्कॉच व्हिस्कीच्या ऊर्ध्वपातनाचा एक जाणकार कल्पून फॉर्म भरून दिला आणि तो छापूनही आला. विभागाच्या वातावरणाबद्दल यातून बरंच कळतं.)

बाकीची यादी पाहा. हेन्री त्सुचिया जीवाणुशास्त्रज्ञ. जॉन डाहलर रसायनशास्त्रातून आलेले, रेणूंच्या सांख्यिकी सिद्धांतावर काम करणारे. टेड डेव्हिस शिकागोहून केमिकल फिजिक्स करून 1963 मध्ये आले. लॅनी श्मिट भौतिक रसायनवाले, तेही शिकागोचे, 1965 मध्ये. आणि त्यांच्या जोडीला पक्के केमिकल इंजिनीअर: शेल या तेल कंपनीच्या संशोधन शाखेतून 1959 मध्ये आलेले स्क्रिव्हन, विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक बर्ड यांच्या हाताखाली तयार झालेले अर्नोल्ड फ्रेडरिकसन.

ही जोडी नजरेआड होऊ देऊ नये. अमंडसन यांनी विभाग शास्त्रज्ञांच्या हवाली केला असं म्हटलं जातं, ते चूक आहे. त्यांनी बाहेरचा प्रत्येक माणूस एखाद्या इंजिनीअरच्या बाजूला बसवला. एका पीएचडी विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक ही पद्धत तिथे रुळली, आणि दोघे बहुधा वेगवेगळ्या मातीतले असत. डेव्हिस आणि स्क्रिव्हन ही अशीच जोडी: एक रेणूंकडून विचार करणारा, दुसरा वाहत्या द्रवाकडून. सत्तरच्या दशकात जमिनीत अडकून राहिलेलं खनिज तेल साबणासारख्या रसायनांनी सोडवून बाहेर काढायच्या प्रश्नावर दोघांनी मिळून काम केलं. तेल खडकाच्या छिद्रात का अडकतं हे कळायला दोन्ही लागतं, पृष्ठभागाचं भौतिकशास्त्रही आणि प्रवाहाचं यांत्रिकीही.

एका टाकीची गोष्ट

या विभागातून नेमकं काय निघालं हे सांगायचं तर एकच उदाहरण जरा जवळून बघू या.

एक टाकी आहे, आत ढवळणी फिरते आहे. एका बाजूने कच्चा माल सतत येतो, दुसऱ्या बाजूने तयार माल सतत जातो. अभिक्रिया उष्णता सोडणारी आहे, म्हणून टाकीभोवती जॅकेट आणि त्यातून थंड पाणी. प्रश्न साधा: टाकीचं तापमान किती राहील?

दोन रेषा काढायच्या. आडव्या अक्षावर तापमान. पहिली रेषा उष्णता बाहेर जाण्याची. टाकी जितकी गरम, तितकी उष्णता पाण्यात आणि बाहेर जाणाऱ्या मालात जास्त जाणार, म्हणून ही जवळपास सरळ रेषा. दुसरी उष्णता तयार होण्याची, आणि ही सरळ नसते. थंड असताना अभिक्रिया रेंगाळते, उष्णता नगण्य. तापमान वाढलं की वेग झपाट्याने वाढतो, वक्र एकदम वर उसळतो. पण वर जाऊन तो सपाट होतो, कारण कच्चा मालच संपत आला, आता जाळायला उरलं काय? असा तिरपा एस आकार.

सरळ रेषा या एसला तीन ठिकाणी छेदू शकते. म्हणजे तीच टाकी, तेच पाणी, तोच माल, आणि तीन वेगवेगळी तापमानं शक्य. खालच्या बिंदूवर जवळजवळ काहीच घडत नाही, माल तसाच बाहेर पडतो. वरच्या बिंदूवर सगळा माल वापरला जातो, पण तापमान इतकं की उत्पादन किंवा उत्प्रेरक खराब होऊ शकतो. मधला बिंदू बऱ्याचदा हवासा असतो, आणि तोच टिकत नाही. तिथे टाकी अर्धा अंश तापली तरी उष्णता जाण्यापेक्षा तयार जास्त होते, तापमान आणखी वाढतं, आणि टाकी वरच्या बिंदूपर्यंत पळत सुटते. अर्धा अंश थंड झाली तर विझत विझत खाली.

इथपर्यंतचं चित्र अमंडसन यांचं नाही. डच इंजिनीअर व्हॅन हिअर्डन यांनी ते 1953 मध्ये मांडलं होतं, आणि त्याचं बीज त्याहून जुनं आहे. अमंडसन यांनी ऑलेग बिलू या सहकाऱ्याबरोबर 1955 मध्ये एआयसीएचई (अमेरिकेतल्या केमिकल इंजिनीअरांची संस्था) हिच्या जर्नलमध्ये जो निबंध छापला, त्यात पुढचा प्रश्न होता: रेषांचा चढ पाहून टाकी स्थिर आहे असं म्हणता येतं का? उत्तर आलं, नाही. टाकीत फक्त तापमान बदलत नाही, मालाचं प्रमाणही बदलतं, आणि दोन्ही एकमेकांना ढकलतात. म्हणून दोन डिफरन्शियल समीकरणं एकत्र घ्यायची, स्थिर बिंदूच्या आसपास त्यांना सरळ करायचं आणि उरलेल्या दोन बाय दोन मॅट्रिक्सचे (आकड्यांच्या चौकटीचे) आयगेनमूल्य, म्हणजे छोटा धक्का वाढत जाईल की विरेल हे सांगणारे आकडे, बघायचे. चढाची अट (उष्णता जाण्याची रेषा वक्रापेक्षा जास्त चढाची असणं) म्हणजे त्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट धन असणं. पण कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ऋण असणं ही दुसरी अटही लागते. ती नसेल तर आलेखावर स्थिर दिसणारी टाकीसुद्धा डोलत राहते, तापमान वर, खाली, पुन्हा वर.

1958 मध्ये ॲरिस आणि अमंडसन यांनी यातच नियंत्रण जोडलं. तापमान ठरवलेल्या आकड्यापासून सरकलं की त्या प्रमाणात थंडावा वाढवायचा. मग कळलं की नियंत्रण पुरेसं तीव्र ठेवलं तर तो पळपुटा मधला बिंदूही स्थिर करता येतो, आणि ते अर्धवट तीव्र ठेवलं तर टाकी एका ठरलेल्या चक्रात अखंड फिरत राहू शकते. कारखान्यात ऑपरेटर ज्याला 'आज रिअ‍ॅक्टर नाचतोय' म्हणून शिव्या घालेल, त्याच्या मागे यंत्राचा बिघाड नसून समीकरणाचा स्वभाव असू शकतो, हे यातून पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

हेच दुसऱ्या बाजूने ऊर्ध्वपातनाला लागू झालं. अमंडसन आणि अँड्रियास अक्रिव्होस यांनी 1955 मध्येच मॅट्रिक्सची पद्धत केमिकल इंजिनीअरिंगच्या हिशेबांना लावून दाखवली, आणि 1958 पर्यंत पॉंटिनेन यांच्याबरोबर अनेक घटकांच्या ऊर्ध्वपातनाचा हिशेब मोठ्या डिजिटल संगणकावर उतरवला. पट्टीमागून पट्टी चालत जाण्याऐवजी एका घटकासाठी सगळ्या पट्ट्यांची समीकरणं एकदम मांडायची आणि एकदम सोडवायची. सेंट पॉलमध्येच त्या काळी संगणक बनत होते, हा योग त्यांच्या पथ्यावर पडला. आजची प्रोसेस सिम्युलेशनची सॉफ्टवेअर याच वंशातली.

टाकीत जीवाणू सोडले तेव्हा

नेमणुकांबद्दलचा माझा दावा टिकतो की नाही हे खरं तर इथे दिसतं. वरची सगळी कामं एक गणित जाणणारा इंजिनीअर एकट्यानेही करू शकला असता. त्सुचिया यांच्यासारखा जीवाणुशास्त्रज्ञ विभागात असण्याची त्यासाठी गरज नव्हती.

पण सतत पोषक द्रव येणारी आणि सतत जीवाणूंसह द्रव जाणारी टाकी, जिला जीवशास्त्रात केमोस्टॅट म्हणतात, तीही ढवळलेली टाकीच. फक्त आत अभिक्रियेऐवजी पेशी वाढतात. फ्रेडरिकसन हे मुळात दाट द्रवांच्या प्रवाहावर काम करणारे. ते त्सुचियांबरोबर या प्रश्नात शिरले. त्यांच्याकडे आलेला एक विद्यार्थी होता दोराईस्वामी रामकृष्ण, मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) 1960 मध्ये पदवी घेऊन गेलेला. सगळ्या पेशी सारख्या नसतात: काही नुकत्या जन्मलेल्या, काही दुभंगण्याच्या बेतात. मग 'जीवाणूंचं प्रमाण' असा एकच आकडा न धरता पेशींच्या वयाची, आकाराची वाटणी कशी बदलत जाते याचंच समीकरण मांडायचं. तिघांचा यावरचा निबंध 1967 मध्ये आला. पॉप्युलेशन बॅलन्स म्हणून हे गणित आज स्फटिक वाढवताना, तेलाचे थेंब पाण्यात फोडताना, औषधाची भुकटी बनवतानाही वापरतात. रामकृष्ण पुढे कानपूरच्या आयआयटीत आणि मग पर्ड्यूला शिकवत राहिले, आणि 1985 मध्ये अमंडसन यांच्याबरोबर त्यांनी लिनिअर ऑपरेटर्सवरचं पुस्तक लिहिलं.

त्सुचिया आणि फ्रेडरिकसन यांच्या गटाने 1972 मध्ये आणखी एक प्रयोग छापला. केमोस्टॅटमध्ये ई. कोलाय जीवाणू, आणि त्यांना खाणारा डिक्टिओस्टेलियम नावाचा अमीबासारखा जीव. ग्लुकोज आत येतं, जीवाणू ते खातात, अमीबा जीवाणूंना खातो. मोजमाप घेतलं तर दोघांची संख्या वर-खाली डोलताना दिसली. 1958 च्या कागदावरची डोलणारी टाकी आता अमीबा आणि जीवाणूंनी भरलेली होती. जीवाणुशास्त्रज्ञाला ही डोल दिसली असती, पण तिचं गणित सुचलं नसतं. इंजिनीअरला गणित सुचलं असतं, पण अमीबा जिवंत ठेवणं जमलं नसतं.

दुसरी बाजू

आता अमंडसन यांच्या बाजूने झुकलेल्या तराजूत दुसऱ्या पारड्यात काही टाकायला हवं.

एक, काळ अनुकूल होता. 1950 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झालं आणि संशोधनाला सरकारी पैसा मिळू लागला. 1955 च्या ग्रिंटर अहवालाने अमेरिकेतल्या सगळ्याच इंजिनीअरिंग शिक्षणाला विज्ञानाकडे ढकललं. 1957 मध्ये स्पुटनिक उडाला आणि उरलीसुरली शंका मिटली. प्रिन्स्टनला विल्हेल्म, केंब्रिजला डँकवर्ट्स, विस्कॉन्सिनला बर्ड आणि मंडळी याच दिशेने निघाली होती. 1960 मध्ये बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफुट यांचं ट्रान्सपोर्ट फिनॉमिनावरचं (द्रव, उष्णता आणि पदार्थ कसे वाहतात यावरचं) पुस्तक आलं आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत शिरलं. एका अर्थाने विस्कॉन्सिनने आपला विचार पुस्तकात घातला, मिनेसोटाने माणसांत. पुस्तक स्वस्त पडतं आणि कुठेही पोचतं. माणसांचा विभाग उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून मिनेसोटाची नक्कल कमी झाली आणि जिथे झाली तिथे बरीचशी अर्धी झाली: गणिती घेतला, पण त्याच्या शेजारी इंजिनीअर बसवायचं राहून गेलं.

दोन, आणि हे जास्त टोचणारं. मॅट्रिक्सवर हुकमत असलेला पण व्हॉल्व्ह कुठल्या बाजूने उघडतो हे ठाऊक नसलेला पदवीधर ही तक्रार याच लाटेतून जन्मली. प्राध्यापकाची बढती निबंधांवर होऊ लागली की डिझाइन शिकवायला कोणी उरत नाही. याचा सगळा दोष एका विभागाला देणं अन्याय आहे, कारण मिनेसोटातले निबंध बहुतांशी खऱ्या टाक्यांबद्दल होते. पण आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, त्याच्या नावावर चुकीच्या नकलाही जमा होतात.

अमंडसन यांना हे उमगलं होतं असं मला वाटतं, आणि त्याला आधार त्यांच्या उत्तरायुष्याचा. 1977 मध्ये ते ह्यूस्टन विद्यापीठात गेले. तिथला विभाग डॅन लस या त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याच्या हातात होता. साठी ओलांडलेला गुरू शिष्याच्या विभागात साधा प्राध्यापक म्हणून रुजू होतो, ही गोष्ट आपल्याकडच्या मानपानाच्या हिशेबात बसणं कठीण. कोळशाच्या कणाच्या ज्वलनावर त्यांनी तिथे पुन्हा नव्याने काम सुरू केलं. मग नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या ज्या समितीने केमिकल इंजिनीअरिंगच्या पुढच्या दिशांचा अहवाल 1988 मध्ये दिला, तिचे ते अध्यक्ष होते. 'अमंडसन अहवाल' म्हणूनच तो ओळखला जातो. त्यात जैवतंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक साहित्य, पृष्ठभाग हे विषय होतेच. पण भोपाळनंतर चार वर्षांनी आलेल्या या अहवालात पर्यावरण आणि प्रक्रिया-सुरक्षा यांनाही स्वतंत्र जागा होती.

वर्गापर्यंत न पोचलेलं

19 डिसेंबर 2007 रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीजचा रिअ‍ॅक्टर फुटला. चार जण गेले, त्यांत कंपनीचा एक मालकही होता. दोन मालकांपैकी एक रसायनशास्त्राचा पदवीधर, दुसरा केमिकल इंजिनीअर. पेट्रोलमध्ये घालायचं एक मिश्रक ते बनवत. उष्णता सोडणारी अभिक्रिया, जॅकेटमध्ये पाणी, आणि ते पाणी बंद पडलं तर पर्यायी सोय नाही. त्या दिवशी थंडावा कमी पडला, तापमान चढत गेलं, आणि एका मर्यादेपलीकडे सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरीच अभिक्रिया सुरू झाली, पहिलीपेक्षा जास्त उष्णता सोडणारी. सुटकेची झडप तिला पुरी पडणं शक्य नव्हतं.

हा रिअ‍ॅक्टर एकेका घाण्याचा होता, सतत वाहणारा नव्हता, त्यामुळे 1955 ची समीकरणं त्याला जशीच्या तशी लागत नाहीत. पण उष्णता तयार होण्याचा वक्र आणि उष्णता जाण्याची रेषा हे चित्र तेच. वक्र रेषेच्या वर गेला की परत येत नाही, एवढं तर त्यातून कळतंच. अपघाताची चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्डाने विद्यापीठांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी पदवीच्या अभ्यासक्रमात अशा धोक्यांचं शिक्षण सक्तीचं नव्हतं. पीएचडीच्या वर्गात अर्धशतक शिकवला गेलेला विषय बी.ई.च्या वर्गापर्यंत उतरला नव्हता. बोर्डाने केमिकल इंजिनीअरांच्या संस्थेला (एआयसीएचई) आणि अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबीईटीला हे बदलायला सांगितलं, आणि त्यानंतर केमिकल इंजिनीअरिंगच्या मान्यता-निकषात प्रक्रियांशी निगडित धोक्यांचा उल्लेख आला. अमंडसन 16 फेब्रुवारी 2011 रोजी, 95 व्या वर्षी, ह्यूस्टनमध्ये वारले.